टायटॅनियम कार्बाइडचं फोटोएमिशन: कार्बन २८४.८ वर आणला की फर्मी कडा सरकते, चूक कुठे?

कुशावती_काठ (केपे)

नमस्कार मंडळी. टायटॅनियम कार्बाइडच्या (१००) पृष्ठभागाची इलेक्ट्रॉनिक रचना फोटोएमिशनने (प्रकाश टाकून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजून) बघायचं काम हातात आहे. नमुना एकस्फटिक चकती, व्यास ८ मिमी, जाडी १ मिमी, एका बाजूने पाव मायक्रॉनच्या हिरा-पेस्टवर पॉलिश केलेला. एक्सपीएससाठी (क्ष-किरणांनी केलेलं फोटोएमिशन) मोनोक्रोमेटरसह ॲल्युमिनियम के-अल्फा, १४८६.६ ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट). व्हॅलन्स बँडसाठी (बंध जोडणाऱ्या वरच्या इलेक्ट्रॉनांचे पट्टे) हीलियमचा दिवा, २१.२२ (हीलियम-१) आणि ४०.८ ईव्ही (हीलियम-२). बेस प्रेशर २ गुणिले १० चा उणे १० वा घात मिलीबार. आकडे असे:

जसाच्या तसा नमुना आत घेतल्यावर कार्बन १एसचे (गाभ्यातल्या पातळीचे) दोन पीक, बंधन ऊर्जा २८२.० आणि २८५.२ ईव्हीवर. दुसरा हवेतला मळ धरून त्याला नेहमीच्या संदर्भ आकड्यावर, २८४.८ वर आणलं, म्हणजे सगळा स्पेक्ट्रम ०.४ ने खाली. मग टायटॅनियम २पी ३/२ जो ४५५.० वर होता तो ४५४.६ वर जातो, आणि फर्मी कडा (भरलेल्या पातळ्या जिथे संपतात ती, बंधन ऊर्जेचं शून्य) शून्याच्या पलीकडे ०.४ ईव्ही निघते, जे शक्यच नाही.

नंतर २ केव्ही आर्गॉनने २० मिनिटं स्पटर केलं (आयनांच्या माऱ्याने पृष्ठभाग खरवडला). २८५ चा पीक गेला, ऑक्सिजन जवळजवळ गेला, पण कार्बन-टायटॅनियम गुणोत्तर ०.८ च्या आसपास येतंय. शिवाय टायटॅनियम २पीला ४५६–४५७ कडे शेपूट राहतं. ते मी दोन 'सबऑक्साइड' पीक घालून फिट केलंय.

हीलियम-१ ने ३ ते ७ ईव्हीमध्ये एकच रुंद ढिगारा दिसतो, ६ च्या जवळ जास्त उंच. कोन बदलला तरी काहीही हलत नाही.

सध्याच्या होल्डरवर ९०० सेल्सिअसच्या वर जाता येत नाही, नमुना स्टेनलेस स्टीलच्या क्लिपांनी धरलाय. चवथीनंतर नमुना इंदूरला सिंक्रोट्रॉनच्या बीमलाइनवर न्यायचा बेत आहे, त्याआधी हे सरळ व्हायला हवं. ऊर्जेचं कॅलिब्रेशन, साफसफाई आणि व्हॅलन्स बँड, तिन्हीबद्दल सांगा.

---

ताळगाव_पठार

आधी कॅलिब्रेशन, कारण ते बिघडलं तर पुढचा एकही आकडा कामाचा राहत नाही.

तुमचे न सरकवलेले आकडे बरोबर आहेत. टायटॅनियम कार्बाइड धातूसारखा वाहक आहे. नमुना होल्डरला नीट जोडलेला असेल तर त्याची आणि ॲनालायझरची फर्मी पातळी एकच, चार्जिंग नाहीच. जे नाही त्याची दुरुस्ती कशाला? कार्बाइडमधला कार्बन २८१.७ ते २८२ आणि टायटॅनियम २पी ३/२ ४५५ च्या जवळ, हेच अपेक्षित आहे. धातुरूप टायटॅनियम ४५४ वर असतो. तुम्ही ४५४.६ लिहिलंत तर वाचणारा कार्बन कमी पडल्याचा निष्कर्ष काढेल, आणि तो निव्वळ ०.४ च्या सरकवण्यातून आलेला असेल.

२८४.८ हा हवेतल्या कार्बनचा निसर्गनियम नव्हे. तो थर पृष्ठभागाला सैल चिकटलेला असतो, त्याची पातळी बरीचशी निर्वात पातळीशी बांधलेली असते, म्हणून खालच्या पदार्थाचं वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा) बदललं की त्याची बंधन ऊर्जाही काही दशांश ईव्हीने बदलते. २८५.२ येण्यात नवल नाही.

हे करा: त्याच होल्डरवर नमुन्याशेजारी चांदीची किंवा सोन्याची पट्टी स्पॉट-वेल्ड करा, ती स्पटर करून स्वच्छ करा आणि फर्मी कडा तिच्यावर मोजा. कार्बाइडचीच कडा का नको? कारण टायटॅनियम कार्बाइडमध्ये फर्मी पातळी नेमकी अवस्था-घनतेच्या दरीत पडते (सूत्रघटकामागे आठ संयुजा इलेक्ट्रॉन), त्यामुळे एक्सपीएसमध्ये ती कडा इतकी फिकी येते की तिच्यावर शून्य ठरवणं धोक्याचं. खोलीच्या तापमानाला कडेची १० ते ९० टक्के रुंदी फक्त उष्णतेमुळेच ०.११ ईव्ही असते. त्यात ॲनालायझरची रुंदी मिळवून फर्मी फलनाने फिट करा, डोळ्याने मध्य काढू नका. दुसऱ्या टोकाला सोन्याचा ४एफ ७/२ ८४.० आणि तांब्याचा २पी ३/२ ९३२.६ तपासा. दोन्ही ०.१ च्या आत बसले तर ऊर्जेची पट्टी सरळ आहे.

आता शेपटाबद्दल, आणि हे जरा सविस्तर सांगतो, कारण सबऑक्साइडचे खोटे पीक छापील निबंधांतही पुष्कळ सापडतात. धातूसारख्या पदार्थात गाभ्यातला इलेक्ट्रॉन निघाला की फर्मी पातळीजवळचे इलेक्ट्रॉन थोडी थोडी ऊर्जा खातात आणि पीकला जास्त बंधन ऊर्जेकडे नैसर्गिक शेपूट येतं. कार्बाइडचा टायटॅनियम २पी असाच असममित असतो. तिथे सममित गॉस-लॉरेंट्झ आकार घातला की उरलेलं शेपूट भरायला सॉफ्टवेअर आणखी पीक मागतं, आणि ते ४५६–४५७ वरच बसतात. त्यांना आपण नाव देतो टायटॅनियम मोनॉक्साइड.

खात्री करायला ऑक्सिजन १एस मोजा. स्कोफिल्डच्या संवेदनशीलता-मूल्यांनी (तेवढ्याच अणूंचा पीक किती मोठा येतो) टायटॅनियम २पी (दोन्ही मिळून) ७.९१ आणि ऑक्सिजन १एस २.९३, कार्बन १एस १. म्हणजे तो घटक खरंच मोनॉक्साइड असेल तर ऑक्सिजनचं क्षेत्रफळ त्या घटकाच्या क्षेत्रफळाच्या सुमारे ०.३७ पट हवं, डायऑक्साइड असेल तर ०.७४ पट. ५३० ईव्हीजवळ तेवढा ऑक्सिजन नसेल तर घटक खोटा.

फिटिंगची रीत: आधी फ्लॅश करून (काही सेकंद खूप तापवून) स्वच्छ केलेल्या पृष्ठभागाचा स्पेक्ट्रम घ्या, असममित आकार त्याच्यावर ठरवा आणि कुलूपबंद करा. २पी १/२ ला स्वतंत्र, जास्त रुंदी द्या (कोस्टर-क्रोनिग क्षयामुळे तो मुळातच रुंद असतो), अंतर ६.१ च्या जवळ, क्षेत्रफळ अर्धं. पार्श्वभूमी शर्ली पद्धतीने वजा करा, साधारण ४५० ते ४७०. मग मळलेल्या नमुन्याला हाच आकार लावून वर ४५८.७ चा डायऑक्साइड मिळवा. त्यानंतर काही उरलं तर उरलेल्याचा विचार.

---

फोंड्याचा_निर्वातवाला

स्पटरिंगवरच थांबलात, ०.८ चं मूळ तिथेच असण्याची शक्यता जास्त. जड धातूंच्या कार्बाइडमध्ये आर्गॉनच्या माऱ्याने कार्बन जास्त उडतो. टायटॅनियममध्ये तफावत कमी, पण २ केव्हीने जाळी उद्ध्वस्त होते आणि आर्गॉन आत रुततो. हा पदार्थ ३००० सेल्सिअसच्या वर वितळणारा आहे, त्याला उष्णतेनेच स्वच्छ करा. स्पटरिंग फक्त पॉलिशचा थर काढण्यापुरतं, ५०० ईव्ही ते १ केव्ही, तिरप्या कोनात, पाच-दहा मिनिटं.

स्टेनलेसच्या क्लिपा आजच काढा. ते १४०० च्या आसपास वितळतं, आणि निकेल-लोखंड कार्बाइडला टेकलेलं असेल तर त्याच्याही खाली द्रवरूप मिश्रण होऊन नमुना चिकटतो. त्याआधीच क्रोमियम नि मँगनीज उडून पृष्ठभागावर बसतात. मॉलिब्डेनमची पाटी, टँटलमची पातळ पट्टी आणि टँटलमच्याच क्लिपा वापरा. होल्डरला कमीत कमी ठिकाणी स्पर्श होऊ द्या, नाहीतर सगळी उष्णता तिकडेच पळते.

किती वॅट लागतील? १५०० सेल्सिअसला कृष्णवस्तू चौरस सेंटिमीटरमागे ५६ वॅट फेकते. उत्सर्जकता ०.५ धरली तर २८. तुमच्या चकतीच्या दोन बाजू आणि कड मिळून सव्वा चौ. सेंमी, म्हणजे ३५ वॅट नमुन्याला आणि तेवढेच होल्डरला जातील असं समजा. मागच्या बाजूला टंगस्टनची फिलामेंट, नमुना अर्थवर आणि फिलामेंट उणे १ केव्हीवर, ७०–८० मिलिॲम्पिअर. उलट जोडणीही चालते, पण मग संपूर्ण होल्डर केव्हीवर राहतो आणि हात लावणाऱ्याला धोका. तापमानासाठी के-टाइप थर्मोकपल विसरा, पायरोमीटर किंवा टंगस्टन-रेनियम. पायरोमीटर वापरताना खिडकीच्या काचेवर बाष्पाचा थर चढलेला नाही ना ते बघा, नाहीतर तापमान कमी दिसतं आणि आपण आणखी चढवत जातो.

पायऱ्या: आधी ६००–७०० वर धरून ठेवा, प्रेशर खाली येईपर्यंत. ते उणे ९ व्या घाताच्या खालच्या भागात राहायला हवं, वर गेलं की थांबा. मग १००० वर तसंच. मग १४००–१५०० ला १०–२० सेकंदांचे फ्लॅश, मधे दोन-तीन मिनिटं गार होऊ देत, दहा-पंधरा वेळा. या वेळी वायुविश्लेषकावर वस्तुमान २८ कडे डोळा ठेवा. पृष्ठभागावरचा ऑक्सिजन नमुन्यातलाच कार्बन घेऊन कार्बन मोनॉक्साइड म्हणून बाहेर पडतो. पहिल्या फ्लॅशला २८ चा पीक ताडकन उठतो, पुढे दर वेळी बुटका होतो, आणि उठायचा थांबला की ऑक्साइड गेला. गेलेला कार्बन आतून विसरणाने भरून येतो, म्हणून अगदी लहान फ्लॅश नकोत.

उलटही घडतं: २८४.५ च्या जवळ नवा, टोकदार कार्बन पीक आला तर तो ग्रॅफाइट. एकतर नमुना आधीच कार्बनने भरलेला, नाहीतर चेंबरमधलं हायड्रोकार्बन तापलेल्या पृष्ठभागावर मोडतंय. अशा वेळी १००० च्या आसपास तापवून उणे ८ व्या घातातला ऑक्सिजन थोडा वेळ सोडा, मग पुन्हा फ्लॅश.

एक खूण लक्षात असू द्या. स्पटरनंतर २४२ ईव्हीला पीक दिसला तर तो रुतलेला आर्गॉन, तापवल्यावर जायला हवा. गेला नाही तर फिलामेंटचं टंगस्टन पुढे आलंय: त्याचा ४डी ५/२ २४३ च्या आसपास तिथेच पडतो. २५६ ला जोडीदार आहे का बघा. असेल तर फिलामेंट आणि नमुना यांच्यामध्ये टँटलमचा आडोसा नीट बसवा. टंगस्टनचा ४एफ ३१.४ ला शोधायला जाऊ नका, टायटॅनियम ३पी त्याला झाकतो.

आणि ०.८ या आकड्यावरही फार भार टाकू नका. तक्त्यातल्या संवेदनशीलतेने काढलेलं गुणोत्तर ५–१० टक्के इकडेतिकडे होतंच. त्यात फक्त २८२ च्या पीकचं क्षेत्रफळ धरा, मळाचं नको.

---

डिचोलीचा_वर्णपट

व्हॅलन्स बँडमधला ६ ईव्हीचा ढिगारा बहुतांशी ऑक्सिजन २पी आहे. 'जवळजवळ गेलेला' ऑक्सिजनही हीलियम-१ ला ठसठशीत दिसतो, कारण इथे इलेक्ट्रॉन वरच्या दोन-तीन थरांतूनच येतात. एक्सपीएसची खोली कित्येक पट जास्त. हलत नाही याचं कारण स्पटरने विस्कटलेली जाळी: स्फटिकच नाही तर संवेग टिकणार कसा. फ्लॅशनंतर लीडमध्ये (कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचं विवर्तन) स्वच्छ १×१ चे ठिपके आणि काळी पार्श्वभूमी दिसेपर्यंत कोनीय मोजणी सुरूच करू नका.

स्वच्छ पृष्ठभागावर काय दिसायला हवं: फर्मी पातळीजवळ क्षीण तीव्रता, साधारण २ ते ६ ईव्हीमध्ये कार्बन २पी आणि टायटॅनियम ३डी यांच्या मिश्रणाचे पट्टे, आणि १० ईव्हीच्या आसपास कार्बन २एस. नायोबियम किंवा टँटलम कार्बाइडमध्ये एक इलेक्ट्रॉन जास्त, म्हणून तिथे फर्मी पातळी डी-पट्ट्यात चढते आणि कडा ठळक दिसते. तुमच्या नमुन्यात ठळक दिसली तर खूश होऊ नका, कार्बनच्या रिकाम्या जागा बघा.

कोणता पट्टा कुणाचा हे ओळखायला फोटॉनची ऊर्जा बदलणं हाच मार्ग. हीलियम-१ ला कार्बन २पी आणि टायटॅनियम ३डी तोडीस तोड. हीलियम-२ ला ३डीचा वाटा वाढतो. ॲल्युमिनियम के-अल्फाला कार्बन २पी जवळपास पुसला जातो आणि कार्बन २एस वर येतो. तिन्ही स्पेक्ट्रम एकाखाली एक ठेवले तर अर्ध्या प्रश्नांची उत्तरं गणिताशिवाय मिळतात. बीमलाइनवर आणखी एक हत्यार आहे: ४५ ईव्हीच्या आसपास टायटॅनियमचं ३पी ते ३डी अनुनाद. त्या ऊर्जेच्या दोन्ही बाजूंनी मोजा, जे फुगतं त्यात ३डी आहे. एवढ्या कमी फोटॉन ऊर्जेला इंदूरचं ४५० एमईव्हीचं इंडस-१ जवळचं, २.५ जीईव्हीचं इंडस-२ क्ष-किरणांकडे झुकलेलं. अर्ज करताना फोटॉनचा पल्ला आधी ठरवा, मग बीमलाइन.

कोनांचं गणित. जाळीचा स्थिरांक ४.३२८ अँगस्ट्रॉम, (१००) पृष्ठभागाचा त्याला दोनच्या वर्गमुळाने भागून ३.०६. समांतर संवेग म्हणजे ०.५१२ गुणिले गतिज ऊर्जेचं वर्गमूळ गुणिले साइन थीटा. वर्क फंक्शन ४ धरलं तर फर्मी पातळीवरच्या इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा १७.२. एक्स बिंदू (पृष्ठभागाच्या संवेग-चौरसाच्या बाजूचा मध्य) १.०३ व्यस्त अँगस्ट्रॉमवर, म्हणजे २९ अंशांना, आणि कोपऱ्यातला एम १.४५ वर, म्हणजे ४३ अंशांना. पण ५ ईव्ही खोल असलेल्या पट्ट्याची गतिज ऊर्जा १२.२ च, त्याला तोच एक्स ३५ अंशांना भेटतो. सगळ्यांना एकच कोन लावला की पट्टे वाकडे दिसतात आणि आकडेमोडीशी जुळत नाहीत. दोन अंशांच्या पायऱ्या पुरेत. दिगंश लीडवरून जुळवा, चकतीच्या कडेवरून नको.

हीलियम-१ ला २३.०९ ईव्हीची उपरेषा असते, ती प्रत्येक बलवान पीकची सावली १.८७ ईव्हीने वर टाकते. फर्मी पातळीच्या पलीकडे बारीक उंचवटा दिसला तर तो तिचा. हीलियम ६-नाइन (९९.९९९९ टक्के) शुद्धतेचा घ्या आणि द्रव नायट्रोजनच्या सापळ्यातून सोडा, नाहीतर दिवाच पृष्ठभागावर पाणी सोडत राहतो.

---

कुशावती_काठ

देव बरें करूं सगळ्यांचं. टँटलमच्या क्लिपा आणि चांदीची पट्टी या आठवड्यात होईल. दोन प्रश्न उरले. वर्क फंक्शन याच मोजणीतून निघेल का? आणि (१११) ची एक चकतीही मिळण्यासारखी आहे, तिच्यासाठी वेगळं काय?

---

डिचोलीचा_वर्णपट

निघेल. नमुन्याला बॅटरीवरून उणे ५ व्होल्ट द्या, दुय्यम इलेक्ट्रॉनांची तळाची कडा मोजा. फर्मी कडेपासून तळाच्या कडेपर्यंतची रुंदी २१.२२ मधून वजा केली की वर्क फंक्शन. रुंदी १७.२ आली तर ४.०. नमुना ॲनालायझरला काटकोनात हवा. होल्डरचा भाग किरणात आला तर दोन कडा दिसतात आणि खालची होल्डरची असू शकते, म्हणून व्होल्टेज ३, ५, ८ बदलून रुंदी तीच राहते का बघा.

---

ताळगाव_पठार

(१११) ही वेगळीच जात आहे. तो ध्रुवीय पृष्ठभाग, टायटॅनियमचा थर बाहेर. फर्मी पातळीला लागूनच टायटॅनियम ३डीची पृष्ठ-अवस्था असते. ती दिसतेय तोवर पृष्ठभाग ताजा. पण टोकाचा क्रियाशील: हायड्रोजनसुद्धा खोलीच्या तापमानाला रेणू तुटून चिकटतो, आणि बेक केलेल्या स्टीलच्या चेंबरमध्ये उरतो तो मुख्यतः हायड्रोजनच. १० चा उणे १० वा घात मिलीबारला एक लँगम्युअर (साधारण एक थर बसेल इतका वायूचा मारा) साचायला पावणेचार तास लागतात. गेज नायट्रोजनवर कॅलिब्रेट केलेला असेल तर हायड्रोजनसाठी खरा दाब दुप्पटीहून थोडा जास्त, म्हणजे वेळ निम्म्याहून कमी. तुमच्या दोनच्या प्रेशरला त्याच्याही निम्मा. तेव्हा फ्लॅश, वीस मिनिटं गार, लगेच फर्मी पातळीजवळचा भाग आणि तासाभरात पुन्हा १००० पर्यंत तापवणं, असा क्रम ठेवा. दर फेरीच्या शेवटी पहिला स्पेक्ट्रम परत घ्या. पृष्ठ-अवस्थेची उंची घटली असेल तर मधली मोजणी वापरू नका. हात बसेपर्यंत (१००) च करा.

---

फोंड्याचा_निर्वातवाला

नेण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. पॉलिशनंतर ॲसिटोन आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अल्ट्रासॉनिक, प्रत्येकी दहा मिनिटं, नायट्रोजनच्या फवाऱ्याने कोरडं. चिकट जेलच्या डब्या आणि झिपच्या पिशव्या टाळा: त्यांचं सिलिकोन पृष्ठभागावर येतं, १०२ ईव्हीला सिलिकॉन २पी दिसला की समजा. स्वच्छ काचेची कुपी, आत ॲल्युमिनियम फॉइल, कुपी रंग बदलणाऱ्या सिलिका जेलसकट निर्वात डेसिकेटरमध्ये. आपल्याकडच्या पावसात आर्द्रता ८०–९० टक्के असते, जेल दोन-तीन दिवसांत ओलं होतं, ओव्हनमध्ये १२० ला सुकवून पुन्हा घाला. कार्बन टेपवर नमुना पाठवू नका. पावडर असती तर इंडियमच्या पत्र्यात दाबता आली असती, पण इंडियम १५६ ला वितळतं, म्हणजे तापवून स्वच्छ करणं विसरायचं.

लोड-लॉक कोरड्या नायट्रोजनने उघडा आणि दार दोन मिनिटांपेक्षा जास्त उघडं ठेवू नका. जून ते सप्टेंबर वस्तुमान १८ खाली यायला दुप्पट वेळ जातो, रात्रभर १०० ला बेक केलं तर सकाळी नमुना आत घेता येतो. मुख्य चेंबरचं १५० चं बेक दोन दिवसांचं असतं, ते चवथीच्या सुट्टीत कुणी नसताना लावू नका. मधेच वीज गेली आणि टर्बोपंप थांबला तर तापलेल्या चेंबरमध्ये मागच्या पंपाचं तेल उलटं चढतं. वीज गेल्याबरोबर बंद होणारा झडप मागच्या नळीवर बसवलेला असेल तरच रात्रीचं बेक सुरू करा.